रिकाम्या गाडीची उंची

पेठ वडगाव
५ नोव्हेंबर २०२४

अमीन,

तीन दिवस तुझा फोन लागत नाही. पहिल्या दिवशी वाटलं, रेंज नसेल. दुसऱ्या दिवशी आमच्या प्रियानं तिच्या फोनवरून लावला, तर पहिल्या रिंगला उचललास आणि तिच्याशी दहा मिनिटं बोललास. तेव्हा कळलं की तू फक्त मला ब्लॉक केलंयस. म्हणून हे पत्र. मॅट्रिक नापास झाल्यावर मी दोन वर्षं तुझ्या अब्बांच्या शेडमध्ये तुझ्याबरोबर ट्रकच्या बॉडीचे पत्रे ठोकले. ते काय म्हणायचे, आठवतं? 'आलेल्या पत्राला उत्तर न देणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारणं.' आता तू मला पाणी विचार.

तू माझं स्टेटस बघितलंस. पाडव्याला दारात गाडीची पूजा केली त्याचा फोटो होता तो. होय, ती घर-गाडी माझी आहे. तुझ्या शेडसमोर, रस्त्यापलीकडं, वसीमच्या शेडमध्ये सात महिने जी उभी राहत होती तीच. तू मला विचारलं होतंस, तेव्हा 'सातारच्या पार्टीची हाय' असं मी सांगितलं. ते खोटं होतं. तुझ्याकडं कामाची गर्दी असेल असं वाटलं, म्हणून काम तुला दिलं नाही, एवढंच सध्या धरून चाल.

प्रियाची आई जाऊन तीन वर्षं झाली. बी-बियाणांचं दुकान मी विकलं, ते तुला माहीत आहे. सोळा फेब्रुवारीला पोरगी सासरी गेली की ह्या घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. म्हणून गाडी केली. आत पलंग आहे, गॅस आहे, पाण्याची टाकी आहे, टपावर एसी आहे. पहिल्यांदा तुला बसवायचं होतं.

सोबत तुला आणि लालबीवहिनींना फराळाचा डबा आहे. चकली प्रियाची, चिवडा माझा. एक कामही आहे. लग्नाचा हॉल तुमच्या उचगावच्या बाजूलाच आहे. मोठ्या रस्त्याचं काम चाललंय, तिथं तास तास जातो. उसाच्या रस्त्यावरचा तो रेल्वेखालचा बुटका पूल आहे ना, त्याखालून गाडी जाईल का? उंची तुझ्याशिवाय कोण सांगणार?

तुझा ब्लॉक केलेला,
सयाजी

उचगाव
११ नोव्हेंबर २०२४

सयाजीराव,

चकली फार चांगली झाली आहे, हे प्रियाला सांग. चिवड्यात मीठ जास्त पडलंय, हे तुझं तू बघ.

पत्राला उत्तर देतोय ते अब्बांसाठी. फोन उचलणार नाही.

कामाची गर्दी! सात महिने मी माझ्या शेडच्या दारात खुर्ची टाकून बसलो होतो, हे तुला दिसत नव्हतं? गेल्या साली छातीचं ऑपरेशन झालं, तीन महिन्यांत मी उभा राहिलो, शेड झाडून घेतली, वेल्डिंगची मशीन पुसून ठेवली. एक ऑर्डर आली नाही. समोर मात्र रोज नवा पत्रा चढत होता. खिडक्या बसल्या, दार बसलं, रंग लागला. 'सातारच्या पार्टीची' गाडी म्हणून मी ती बघत होतो आणि मनात म्हणत होतो, काय नशीबवान पार्टी आहे. आणि ती पार्टी कोण, तर तू!

होय, जळतोय मी. लपवत नाही. तुझ्यावर जळतो, त्या गाडीवर जळतो आणि वसीमवर तर रोज सकाळी चहाच्या आधी जळतो. त्याला रिव्हेट कुठं मारायचा हे मी शिकवलं. पत्र्याला पोट कसं काढायचं हे मी शिकवलं. नऊ वर्षं माझ्या हाताखाली राहिला आणि शेड टाकली ती बरोब्बर माझ्या समोर. गुरूची विद्या गुरूला, असं म्हणतात ते ऐकलं होतं, आता खुर्चीत बसून बघितलं.

शहाऐंशी सालच्या कॅलेंडरच्या मागं आपण दोघांनी ती गाडी पेन्सिलीनं काढली होती. डाव्या खिडकीजवळ घडीचं टेबल, त्याच्या वर चहाच्या कपांचं फडताळ. 'ही गाडी माझी आणि बॉडी तुझी' असं कोण म्हणालं होतं? मी तर नाही.

त्या गाडीत मी पाय ठेवणार नाही, हे लिहून ठेव. पुलाची उंची वसीमला विचार.

डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून लालबीनं त्यात साखर भरलीय. मी भरला असता तर मिरची भरली असती.

अमीन

पेठ वडगाव
२४ नोव्हेंबर २०२४

अमीन,

साखर गोड लागली. मिरची असती तरी खाल्ली असती.

तुझ्या पत्रातलं सगळं बरोबर आहे. त्यातल्या एका गोष्टीला माझ्याकडं उत्तर आहे, पण ते माझं एकट्याचं नाही, म्हणून देता येत नाही. रागवायचं तेवढं रागव.

पुलाची उंची वसीमला विचारली. म्हणाला, 'उस्तादांस्नी विचारा, त्यांस्नी समदं पूल पाठ हाईत.' आता कुणाला विचारू?

तोवर गंमत ऐक. मागच्या रविवारी आक्काला पत्रिकेचं सांगायला मलकापूरला गेलतो. बरोबर चुलत्याची माणसं होती, अकरा जण. पाण्याची टाकी भरलेली, गाद्या, भांडी, पीठ-मीठ सगळं आत. निघायच्या आधी वसीमनं टेप लावली. एसीच्या टोकापर्यंत नऊ फूट नऊ इंच. 'भरल्या गाडीची हाय ही', असं म्हणून त्यानं ते आरशाच्या बाजूला खडूनं लिहून दिलं. मी तेवढ्या उंचीचा बांबू तोडला, वर लाल फडकं बांधलं आणि गाडीत घेतला.

रत्नागिरी रोडला लागेपर्यंत ठीक होतं. मग एका गावाची स्वागत कमान आली. कमान उंच होती, पण तिच्याखाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लोंबत होता आणि त्याला लोखंडी चौकट. मी उतरलो, बांबू धरला. एक म्हातारा विचारतो, 'पावणं, सासनकाठी कुठली म्हनायची ही? जोतिबाची यात्रा तर चैतात असती की.' तोवर पन्नास माणसं जमली. आपल्याकडं 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणणारे पन्नास असतात, 'थांबा' म्हणणारा एक नसतो. त्यांच्या 'येऊ द्या'वर मी गेलो आणि फ्लेक्समधल्या साहेबांच्या गळ्यातला हार एसीनं फाडला. पुढं एका हॉटेलच्या पार्किंगला लोखंडी दांडी, आत जाता येईना. पुढं वडाची फांदी. पुढं केबलची वायर, ती चुलत्याच्या सुनेनं खिडकीतून वाकून काठीनं उचलून धरली. साठ किलोमीटरला चार तास लागले. मी रस्ता बघायचा सोडून आभाळच बघत होतो.

तुला खोटं कशाला सांगू, मजा आली. आणि प्रत्येक कमानीला वाटलं, शेजारी अमीन असता तर उतरायची गरज नव्हती. तू काच खाली करून नुसतं वर बघून सांगितलं असतंस.

पूल तेवढा सांग. प्रिया त्याच गाडीतून मांडवात जाणार आहे.

सयाजी

उचगाव
४ डिसेंबर २०२४

सयाजीराव,

मजा आली म्हणे. मग कर मजा. मी इथं खुर्चीत बसून तुझी मजा दोनदा वाचली, लालबीनं तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचायला लावली. हारवाल्या साहेबांपाशी ती इतकी हसली की तिला ठसका लागला. माझ्या एकाही गोष्टीला ती एवढी हसलेली मला आठवत नाही. आता तेवढंच राहिलं होतं.

बांबू घेऊन फिरणारा ड्रायव्हर मी पहिल्यांदा ऐकला. बांबूनं उंची कळते, पण रस्त्याचा चढ कळत नाही. पुलाखाली चढ असेल तर गाडीचं पुढचं तोंड निघून जातं आणि मागचं अडकतं. हे वसीमनं सांगितलं नाही ना? नाहीच सांगणार. त्याला रंग देता येतो. एसी टपाच्या मधोमध आणि तोही वर उभा करून बसवलाय, हे मी माझ्या खुर्चीतून बघितलं होतं. मी असतो तर पत्र्यात खाच घेऊन तीन इंच आत बसवला असता. पण मी कुठं होतो? मला कामाची गर्दी होती.

पूल मी रविवारी मोजून आलो. स्कूटरवरून गेलो, हे लालबीला बोलू नकोस. मी वर चढलो नाही. उसाच्या ट्रॉलीवरच्या एकाला टेपचं वरचं टोक धरायला लावलं. ट्रॉल्या घासून घासून मधला गर्डर वाकलाय, तिथं सगळ्यात कमी जागा आहे. नऊ फूट दहा इंच. तुझी गाडी नऊ-नऊ. एक इंच राहतो. मधोमध चाल, पहिला गिअर, ब्रेक मारू नकोस. जाईल.

हे तुझ्यासाठी केलेलं नाही. पोरगी त्या गाडीत बसणार आहे म्हणून केलं.

अजून एक सांगायचं होतं, पण पान संपलं.

अमीन

पेठ वडगाव
२० जानेवारी २०२५

अमीन,

पत्रिका सोबत आहे. पोस्टानं पाठवणार नव्हतो, स्वतः आलो होतो. तुझी खुर्ची दारात होती, पण तू नव्हतास. वहिनी म्हणाल्या, 'आत्ता हितं हुतं की.' मागच्या दारानं गेलास, होय ना?

तुझी जागा पुढची आहे, माझ्या शेजारची. सोळा तारखेला सकाळी आठला मी वडगावातून निघणार. त्याआधी तुला आणायला गाडी पाठवतो. वसीमही येतोय. मांडवात त्याला फेटा बांधणार आहे, गाडी केली म्हणून रीतीचा मान. आणि तुझा फेटा प्रिया स्वतः बांधणार म्हणते. रंग तिनंच निवडलाय. मी विचारला, तर सांगत नाही.

ये रे.

सयाजी

उचगाव
८ फेब्रुवारी २०२५

सयाजीराव,

सोळा तारखेला मला एका ट्रकचं काम आहे. मालक घाईत आहे. लालबी येईल.

वसीमला फेटा अवश्य बांध. चांगला कडक बांध. तो मांडवात बसणार आणि लोक विचारणार, गाडी कुणी केली, आणि तू त्याच्याकडं बोट दाखवणार. त्या वेळी शेजारी मी फेटा बांधून कशाचा उभा राहू? जुन्या उस्तादाचा? मला तसलं दयेचं कापड डोक्यावर नको.

प्रियासाठी लालबीबरोबर साडी आहे. दोन दुकानं फिरून मी आणली, लालबीनं नाही. तिला एवढंच सांग की अमीनकाकाची तब्येत ठीक आहे. नाहीतर ती काळजी करत बसेल.

मधोमध चाल. पहिला गिअर.

अमीन

पेठ वडगाव
१९ फेब्रुवारी २०२५

अमीन,

तू पुलापाशी आलास तिथून पुढचं तुला माहीत आहे. त्याच्या आधीचं सांगतो, म्हणजे तुझ्याकडं सगळं राहील.

सकाळी आम्ही एकोणीस माणसं निघालो. टाकी गळ्यापर्यंत भरलेली, रुखवताची भांडी, फळांच्या पाट्या. प्रिया मागच्या पलंगावर शालू सावरत बसलेली. तू लिहिल्याप्रमाणे मधोमध, पहिला गिअर. वर एक इंच होता की नव्हता, पण कुठं खर्र वाजलं नाही. पलीकडं निघालो आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. प्रिया ओरडली, 'अमीनकाका जिंदाबाद!' पुढच्या सीटवर कुणाला बसू दिलं नव्हतं तिनं. त्यावर तुझा फेटा ठेवला होता. मोतिया रंगाचा.

मांडवात ती दर पाच मिनिटांनी दाराकडं बघत होती. हे तुला टोचायला लिहीत नाही. टोचलं तर टोचू दे.

चार वाजता पाठवणी झाली. पोरगी तिच्या गाडीत बसली, रुखवत दुसऱ्या टेम्पोत गेलं. टाकीतलं पाणी दिवसभरात संपलं होतं. पाहुणे ज्याच्या त्याच्या गाडीनं गेले. वसीमला जेवायला मागं ठेवलं आणि मी एकटा निघालो. खरं सांगतो, रस्ता दिसत नव्हता. डोळे पुसत होतो आणि गाडी चालवत होतो. सकाळी ज्या पुलाखालून गेलो त्याच पुलाखाली तशीच घातली. मधोमध. पहिला गिअर.

वर असा आवाज झाला की मला वाटलं, पूल पडला. एसी गर्डरला अडकला. पुढं जाईना, मागं येईना. पुढून उसाचे ट्रॅक्टर, मागून उसाचे ट्रॅक्टर. प्रत्येकाच्या टेपवर वेगळं गाणं. एक म्हणाला, 'पावणं, हवा सोडा की टायरची!' दुसरा म्हणाला, 'टप कापा!' मी दार उघडून पायरीवर बसलो. सकाळी गेलेली गाडी संध्याकाळी कशी जात नाही, हेच मला उमगेना. मग एकाएकी अब्बा आठवले. शेडमध्ये मालट्रक आला की ते आपल्या दोघांच्या टाळक्यात टपली मारून म्हणायचे ते. 'भरलेली गाडी मान खाली घालती, रिकामी मान वर काढती.'

तेव्हा मी लालबीवहिनींना फोन लावला. वसीमला नाही.

सयाजी

उचगाव
२४ फेब्रुवारी २०२५

सयाजी,

तुझं पत्र चार दिवस उशाशी आहे. आता माझ्या बाजूचं ऐक. तू स्टेअरिंगवर होतास, मागं काय झालं ते तुला दिसलं नाही.

लालबीबरोबर रिक्षातून उतरलो, तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं, सांगू? बरं झालं, असं वाटलं. वसीमचा एसी दबलेला बघून पोटात गार पडलं. मग तू पायरीवर बसलेला दिसलास, कोटाला कुंकू लागलेलं, आणि ते गार सगळं निघून गेलं.

'हवा सोडू नका, माणसं चढवा!' असं मी का ओरडलो, ते तुला कळलं असेलच. हवा सोडली असती तर टायर घासत तिथंच बसले असते. रिकामी झाली म्हणून वर आली, भरली की खाली जाणार. पण माणसं चढेनात. मला त्या ट्रॅक्टरवाल्यांना शिव्या घालाव्या लागल्या. एकजण म्हणाला, 'चाचा, लगीन झालं न्हवं, आता कुटं वरात काढतासा?' मी म्हणालो, 'बस की आत गुमान, न्हायतर रातभर ऊस वाळवत बस!' वीसेक जण बसले. कोयता घेऊन ऊसतोडीच्या चार बायाही बसल्या. तेवढ्यात वसीम मोटरसायकलवरून आला, फेट्यासकट. माझ्याकडं न बघता आत गेला. लालबी गेली. तरी एसी गर्डरला लागलेलाच. तू खिडकीतून ओरडलास, 'अजून एक पायजे!' बाहेर फक्त मी होतो.

पाय ठेवणार नाही, असं मी लिहून दिलं होतं. त्यावेळी मला वाटलं, तू ते पत्र खिशात घेऊनच बसलायस.

मागच्या दाराकडं गेलो. दाराशेजारी जिथं बॉडी करणारा आपलं नाव रंगवतो, तिथली जागा कोरी होती. चौकट काढलेली, नाव नाही. मी वसीमला विचारलं, 'नाव का न्हाय घातलंस?' तो खाली बघून म्हणाला, 'नकाशा तुमचा हाय उस्ताद. माझं नाव कसं घालू?' मी आत बघितलं तर डाव्या खिडकीजवळ घडीचं टेबल. वर कपांचं फडताळ. कॅलेंडरच्या मागचं जसंच्या तसं. ते कॅलेंडर तू अडतीस वर्षं ठेवलंस?

मी चढलो. वसीम सरकला, मी त्याच्या शेजारी बसलो. लालबी समोर होती. तिथंच, त्या पंचवीस-सव्वीस माणसांत, ती म्हणाली, 'त्येंच्यावर रागावू नका. म्याच पाया पडून सांगितलंतं, ह्येस्नी ह्या वर्साला काम देऊ नका. दिलं तर शिडीवर चढतील आनि जीवावर बेतंल.' सात महिने मी तुझ्यावर जळलो आणि तिनं रोज मला चहा दिला, पण एक शब्द बोलली नाही. तूही नाही. तोवर माझ्या वजनानं गाडी खाली बसली होती, तू पुढं काढलीस आणि ती सुटली. सगळे ओरडले.

आता ते सांगतो, ज्यासाठी चार दिवस पेन हातात घेऊन ठेवत होतो. मला माहीत होतं. तू मलकापूरच्या पत्रात 'भरल्या गाडीची' असं लिहिलं होतंस. वाचल्या वाचल्या मला कळलं की रिकामी झाली की ती दोन इंच वर येणार. वसीमची चूक नाही, त्यानं सांगितलं ते बरोबर होतं. माझ्याकडून झालं त्याला चूकही म्हणता येत नाही. चूक न कळता होते. मी जाणूनबुजून लिहिलं नाही. वाटलं, पोरगी उतरल्यावर येताना एक ओरखडा उठू दे त्याच्या कामावर. एकच. म्हणजे सयाजी म्हणेल, अमीन असता तर असं झालं नसतं. पोरगी सासरी गेल्यावर तू एकटा रडत त्या पुलाखाली येशील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. जळणाऱ्याला समोरचंच दिसतं, त्याच्या पुढचं दिसत नाही.

आता तू मला ब्लॉक कर. मी तुला सोडवलंय, फोन लागेल. पण करू नकोस. तुझा आवाज ऐकायची लाज वाटते.

वसीमनं दाराची बिजागरी चांगली बसवलीय. हे त्याला सांगू नकोस.

अमीन

पेठ वडगाव
२७ फेब्रुवारी २०२५

अमीन,

फोन लागतो हे कळलं, तरी पत्रच लिहितो. तू नाही म्हणालास म्हणून.

तुझं चार डिसेंबरचं पत्र माझ्यासमोर आहे. शेवटी लिहिलंयस, अजून एक सांगायचं होतं, पण पान संपलं. त्याच्याखाली अर्धं पान कोरं आहे. पुलाखाली पायरीवर बसलो होतो, अब्बा आठवले आणि त्यांच्या मागोमाग ते कोरं अर्धं पान आठवलं. त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं. पाच मिनिटं तुला इतक्या शिव्या दिल्या की एक ट्रॅक्टरवाला घाबरून मागं सरला. मग वहिनींना फोन लावला.

कारण चाळीस वर्षांच्या मित्रानं माझ्या गाडीवर एक ओरखडा मागितला, एवढ्यावरून मी तुला टाकू कसा? त्याच पत्रात तू ऑपरेशन झालेल्या छातीनं स्कूटरवर जाऊन पूल मोजला होतास. दोन्ही एकाच पानावर आहेत. मी एक फाडून दुसरं ठेवू शकत नाही.

आणि वहिनींना दिलेला शब्द पाळला, त्यात मीही तुला सात महिने खुर्चीत बसवून जाळलं. माझीही बाजू काही धुतल्या तांदळासारखी नाही.

वहिनींनी आता परवानगी दिली आहे. शिडी वसीम चढणार, तू खाली उभा राहून ओरडणार. एसी तीन इंच आत घ्यायचा. कोऱ्या चौकटीत दोन नावं, वरचं तुझं. वसीमला मी आधीच विचारलंय, तो म्हणतो त्याचं बारीक अक्षरात चालेल. आणि आरशाजवळचा खडू पुसून तिथं तुझ्या हातानं दोन्ही उंच्या रंगव, भरलेली आणि रिकामी.

प्रिया रविवारी माहेरी येणार आहे. फेटा तिनं घडी मोडू दिलेला नाही. ती म्हणते, काकांनी गाडीतच बांधून घ्यायचा.

शनिवारी सकाळी गाडी घेऊन तुझ्याकडं येतो. रिकामी आहे, म्हणून मोठ्या रस्त्यानं येईन. वडगावला परत जाताना तुम्ही दोघं असाल, वसीम असेल, पाण्याची टाकी वहिनींच्या नळावर भरून घेऊ. तेव्हा पुलाखालून जाऊ.

सयाजी